इंग्रजी शब्दांची घडण : परभणीच्या 'ठेसना'वरून

इंग्रजी हा ऐच्छिक विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या आम्हा खेड्यापाड्यांतल्या विद्यार्थ्यांची एक समजूत असते. इंग्रजी शब्द म्हणजे जणू ओतीव लोखंड. कोशात जसा छापला असेल तसाच तो अनादि काळापासून आहे आणि तसाच राहणार आहे, त्यात आपण हात घालावयाचा नाही, फक्त पाठ करावयाचा. अभ्यासक्रमात 'शब्दांची घडण' असे एक प्रकरण असते. उपसर्ग, प्रत्यय, समास, संक्षेप, अर्थविस्तार, अर्थसंकोच अशी त्यात नावे असतात आणि प्रत्येकाखाली दोन-दोन उदाहरणे. ती आम्ही घोकतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जातो. प्रस्तुत लेखात मला दाखवावयाचे आहे ते इतकेच, की ज्या रीतींनी इंग्रजी शब्द घडले, मोडले आणि बदलले त्या सर्व रीती परभणीच्या मोंढ्यात, बसस्थानकावर आणि आपल्या घरच्या ओसरीवर रोज चालू आहेत. ज्याला आपली बोली नीट ऐकता येते त्याला हे प्रकरण पाठ करण्याची फारशी गरज पडू नये.

प्रारंभ रेल्वे स्टेशनापासून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपासून हैदराबादपर्यंतचा मार्ग मराठवाड्यातून नेला आणि परभणीला स्टेशन मिळाले. गावाकडची वडीलधारी माणसे त्याला 'ठेसन' म्हणतात, कोणी 'टेसन', कोणी 'इस्टेशन'. कॉलेजच्या वर्गात असा उच्चार कोणाच्या तोंडून निघाला तर हशा पिकतो आणि बोलणारा पुन्हा महिनाभर तोंड उघडत नाही. पण हसण्यापूर्वी थोडे व्याकरण पाहावे. आरंभीचे 'स्थ', 'स्त', 'स्क' हे जोडाक्षर मराठीच्या जिभेला जड जाते, हे आजचे नव्हे. संस्कृत 'स्थान' प्राकृतातून येताना आपला 'स' गमावून बसले आणि 'ठाणे' झाले. 'स्थल'चे 'थळ' झाले, 'स्कंभ'चा 'खांब' झाला, 'स्कंध'चा 'खांदा' झाला. ह्याच वाटेने 'स्टेशन'चे 'ठेसन' झाले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम आमच्या आजोबांच्या तोंडी अजून जिवंत आहे, हे लाजेचे की कौतुकाचे?

आता त्यापुढची गंमत. इंग्रजीतील 'स्टेशन' लॅटिनमधून आलेले असून त्याच्या मुळाशी 'उभे राहणे' हा अर्थ आहे. लॅटिनमधील तो धातू आणि संस्कृतमधील 'स्था' हे एकाच आदिम धातूचे दोन वंशज. म्हणजे 'ठाणे' आणि 'ठेसन' ही चुलत भावंडे ठरतात. 'पोलीस स्टेशन'ला आपण 'पोलीस ठाणे' म्हणतो तेव्हा, नकळत का होईना, इतके चपखल भाषांतर करतो की एखाद्या भाषाशास्त्रज्ञालाही ते सुचले नसते.

आणि 'इस्टेशन' म्हणणाऱ्यांचे काय? तेही एकटे नाहीत. लॅटिनमधले 'स्टेटस' फ्रान्सच्या लोकांना असेच जड गेले. त्यांनी पुढे एक स्वर लावून त्याचे 'एस्टा' असे काहीतरी केले आणि तेथून ते इंग्रजीत 'इस्टेट' होऊन आले. 'स्टेट' आणि 'इस्टेट' हे एकच शब्द, 'स्पेशल' आणि 'इस्पेशल' हेही एकच. ज्याच्याकडे चार एकर जमीन आहे तो आपल्या 'इस्टेटी'चा अभिमानाने उल्लेख करतो, तेव्हा कोणी हसत नाही. पण 'इस्टेशन' म्हटले की हसतात. दोन्हींतला 'इ' एकाच कारणाने आलेला आहे. एक पॅरिसच्या वाटेने आला आणि दुसरा पाथरीच्या, एवढाच काय तो फरक.

स्पेलिंगचा छळ हा आम्हा सर्वांचा सामाईक विषय. 'जाणणे' ह्या अर्थाच्या 'नो' शब्दाच्या आरंभी 'के' कशाला, हा प्रश्न प्रत्येकाने शाळेत विचारलेला असतो आणि 'तो सायलेंट आहे' हे उत्तर ऐकलेले असते. वास्तविक तो गप्प बसण्यासाठी जन्मला नव्हता. जुन्या इंग्रजीत तो स्वच्छ उच्चारला जाई. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना घातला आणि त्यानंतर हळूहळू लेखन ठरून गेले. उच्चार मात्र पुढे चालत राहिला. सतराव्या शतकाच्या सुमारास 'के' तोंडातून गेला, कागदावर राहिला. हा 'के' आपल्या ओळखीचा आहे. 'नो' हा संस्कृत 'ज्ञा' धातूचा सख्खा नातलग. आपल्या 'ज्ञ'मध्येही 'ज' आणि 'ञ' असे दोन वर्ण जोडलेले आहेत. त्यांचा मूळ उच्चार आज कोण करतो? मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्य' म्हणतो आणि इंग्रज नुसतेच 'न' म्हणतो. एकाच अवघड वळणावर तिघे तीन दिशांना घसरले. मला तर हे कळल्यापासून त्या 'के'चा राग येईनासा झाला आहे.

ह्याच कॅक्स्टनने १४९० च्या एका प्रस्तावनेत एक किस्सा लिहून ठेवला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून परदेशी निघाले होते. वारा पडल्यामुळे किनाऱ्याला थांबले. त्यांच्यापैकी एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली. त्याने 'एग्ज' हा शब्द वापरला. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो गृहस्थ चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्याने 'आयरेन' हा शब्द उच्चारला तेव्हा तिला उमगले. 'एग्ज' उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, 'आयरेन' जुना इंग्रजी, अंडे एकच. आपल्याकडचा मनुष्य पुण्याच्या मंडईत जाऊन 'जाम' मागतो तेव्हा ह्याहून वेगळे काय घडते? दुकानदार पावाला लावण्याच्या बाटलीकडे बोट दाखवतो आणि समोर पेरूंची रास पडलेली असते. इंग्रजीत शेवटी 'एग' जिंकले. 'जाम' आणि 'पेरू' ह्यांच्यात कोण जिंकेल हे सांगता येत नाही. पाठ्यपुस्तके पेरूच्या बाजूची आहेत, हे मात्र खरे.

इंग्रजीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणून १०६६ सालच्या नॉर्मन विजयाचा उल्लेख होतो. फ्रेंच बोलणारे सरदार इंग्लंडचे धनी झाले आणि दोन-तीनशे वर्षे दरबार, न्याय आणि कर ह्यांची भाषा परकी राहिली. न्यायाधीश, न्यायालय, तुरुंग, कर ह्या अर्थांचे इंग्रजी शब्द 'जज', 'कोर्ट', 'प्रिझन', 'टॅक्स' हे सारे त्या काळाचे देणे. गोठ्यात राबणाऱ्या इंग्रजाने जनावराला 'काउ' आणि 'शीप' म्हणावे आणि तेच जनावर शिजून धन्याच्या ताटात आले की त्याचे 'बीफ' आणि 'मटन' व्हावे, हे उदाहरण सर्व पुस्तकांत असते. परंतु परभणीच्या विद्यार्थ्याला ह्यासाठी इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोक मराठी बोलत, कचेरी उर्दू बोले. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणत. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तालुकदाराचा कलेक्टर आणि कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. तरीही शेताची नांगरट, पेरणी, खुरपणी, मळणी मराठीत होते आणि त्याच शेताचा वाद उभा राहिला की 'अर्ज', 'फिर्याद', 'वकील', 'जामीन', 'खरेदीखत' हे शब्द पुढे येतात. शेत आपल्या भाषेत पिकते आणि राज्यकर्त्यांच्या भाषेत विकले जाते. अर्थात हे फारसी-अरबी शब्द निजामाच्याही फार आधीपासून, बहामनी काळापासून मराठीत मुरत आलेले आहेत. निजामी अमलाने ते आपल्याकडे अधिक दाट केले, एवढेच.

दोन भाषा शेजारी नांदू लागल्या की लोक एकच गोष्ट दोन्हींत सांगतात, म्हणजे कोणी बाहेर राहू नये. मृत्युपत्राला इंग्रज वकील 'विल अँड टेस्टमेंट' म्हणतात. पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिनमधून आलेला, अर्थ एक. आपण 'कागदपत्र' म्हणतो, 'धनदौलत' म्हणतो, 'बाजारहाट' म्हणतो. प्रत्येक जोडीत एक शब्द घरचा आणि एक पाहुणा आहे, आणि तो पाहुणा होता हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मराठी व्याकरणात आपण तत्सम आणि तद्भव हा भेद शिकतो. 'क्षेत्र' तसेच्या तसे घेतले ते तत्सम; त्याचेच झिजून 'शेत' झाले ते तद्भव. इंग्रजीतही नेमके हेच आहे, पण दोन प्राध्यापक दोन तासांना दोन विषय शिकवीत असल्याने आमच्या डोक्यात ते एकत्र येत नाही. लॅटिनमधील 'नाजूक, मोडके' ह्या अर्थाचा एकच शब्द इंग्रजीत दोनदा आला. एकदा फ्रेंच जिभांवरून झिजत झिजत 'फ्रेल' होऊन आणि पुन्हा विद्वानांनी पुस्तकातून उचलला तेव्हा 'फ्रॅजाइल' होऊन. म्हातारा मनुष्य 'फ्रेल' असतो, काचेचे सामान 'फ्रॅजाइल' असते. आपल्याकडेही 'शेत' नांगरायचे असते आणि 'क्षेत्र' साताबाऱ्यावर लिहायचे असते.

आता परीक्षार्थींच्या जिव्हाळ्याचा एक शब्द घेऊ : 'नापास'. निकालाच्या दिवशी फलकाकडे पाहताना त्याच्या व्युत्पत्तीचा विचार कोणी करीत नाही, हे स्वाभाविकच आहे. 'पास' हा इंग्रजी, तोही मुळात फ्रेंचमधून आलेला. 'ना' हा नकारार्थी उपसर्ग फारसी, 'नापसंत', 'नालायक', 'नाराज' ह्यांतला. हा शब्द इंग्रजीत नाही आणि फारसीतही नाही. तो आपल्याकडच्या लोकांनी घडवला. कोणी म्हणेल, असा धेडगुजरी शब्द शुद्ध भाषेत कसा चालावा? तर इंग्रजीतला 'ब्यूटिफुल' पाहा. 'ब्यूटी' फ्रेंच, 'फुल' हा प्रत्यय देशी. 'अनेबल'मध्ये 'अन' देशी आणि 'एबल' फ्रेंच. 'नापास' आणि 'अनेबल' ह्यांची बांधणी हुबेहूब एक आहे. 'मास्तर'ला 'की' लावून 'मास्तरकी', 'डॉक्टर'ला 'ईण' लावून 'डॉक्टरीण' करणारी आमची भाषा पाहुण्याला अंगणात बसवून ठेवत नाही, लगेच कामाला लावते. वचनाचेही तसेच. बायाबापड्या 'एक लेडीज आली होती' म्हणतात. अनेकवचनाचे एकवचन केले म्हणून आपण हसतो. इंग्रजांनी वाटाण्याच्या बाबतीत उलटी चूक केली. त्यांचा जुना शब्द 'पीझ' हा एकवचनीच होता. शेवटचा 'झ' ऐकून लोकांना तो अनेकवचनी वाटला, म्हणून त्यांनी तो कापून 'पी' असा नवाच शब्द बनवला. आज तो शब्दकोशात मानाने बसला आहे.

शब्द लांब असला की लोक तो कापतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सात सर्वांसाठी चालणाऱ्या गाडीला 'ओम्निबस' असे लॅटिन नाव मिळाले, अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी डोके उडवले आणि शेपूट ठेवले : 'बस'. हे शेपूट म्हणजे निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय आहे, संस्कृतातल्या 'भ्यः'चा भाऊ. 'सर्वेभ्यः' ह्यातून 'सर्व' गळून नुसते 'भ्यः' उरावे आणि त्यात बसून आपण जिंतूरला जावे, तसा हा प्रकार! 'ऑटोरिक्षा' ह्या शब्दाचे तर प्रांतवार वाटप झाले आहे. 'रिक्षा' हा जपानी शब्दाचा तुकडा. मूळ शब्दाचा अर्थ 'माणसाच्या बळाने चालणारी गाडी'. 'ऑटो' ग्रीक, अर्थ 'स्वतः'. पुण्या-मुंबईकडे शेपूट ठेवून 'रिक्षा' म्हणतात. आपल्याकडे बरेच लोक डोके ठेवून 'अ‍ॅटो' म्हणतात. पुणेकरांच्या रिक्षाला आता माणूस ओढीत नाही, तेव्हा अर्थाच्या दृष्टीने परभणीकर अधिक बरोबर आहेत, असे माझे नम्र मत आहे.

आद्याक्षरांपासून झालेले शब्द म्हणून पुस्तकात 'रडार' आणि 'लेझर' दिलेले असतात. त्यांच्या शेजारी मी 'यष्टी' लिहीन. १९४८ मध्ये मुंबई राज्यात 'स्टेट ट्रान्सपोर्ट' सुरू झाली, तिची 'एस. टी.' झाली. आपल्याकडे त्यापूर्वी, १९३२ पासून, निजाम सरकारच्या रेल्वेखात्याच्या मोटारी धावत, एस. टी. आली ती राज्य पुनर्रचनेनंतर. खेड्यात 'एक'चे 'येक' होते, तसे 'एस'चे 'येस', 'यस' झाले. आणि 'ट'च्या शेजारी 'स' आला की त्याचा 'ष' व्हावा ही तर संस्कृतचीच सवय. झाली 'यष्टी'. मग 'अंगयष्टी'तली काठीसारखी 'यष्टी' आणि ही लाल यष्टी उच्चाराने एक होऊन बसल्या. मोबाईलची गोष्ट अशीच. 'मोबाईल फोन'मधला 'फोन' आपण कापला आणि 'हलणारा' एवढेच विशेषण हातात धरून फिरतो. सतराव्या शतकात इंग्रजांनी ह्याच लॅटिन शब्दाला कात्री लावली होती. 'चंचल जमाव' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांतून त्यांनी 'मॉब' एवढेच ठेवले. 'गलिव्हर'कार स्विफ्टला ह्या कापाकापीचा फार संताप येई. स्विफ्ट गेला, 'मॉब' राहिला.

अर्थ बदलण्याच्या प्रकरणात मला सर्वांत आवडते ते 'डिअर', म्हणजे हरीण. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ कोणतेही जनावर असा होता. आकसत आकसत तो हरणापाशी येऊन थांबला. संस्कृतात 'मृग' म्हणजे कोणताही वन्य पशू. म्हणून सिंह हा 'मृगेंद्र' आणि शिकार ही 'मृगया'. मराठीत 'मृग' म्हणजे हरीण. हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकाच पशूवर येऊन विसावा घेतला. काही शब्द वर चढतात, काही खाली पडतात. 'नाइट' आणि 'नेव' ह्या दोन्ही शब्दांचा जुना अर्थ 'पोरगा'. एक चढून सरदार झाला, दुसरा घसरून लबाड झाला. संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' हा दंडनीय अपराध होता, मराठीत तो गुण झाला; आणि 'दादा' हा थोरला भाऊ काही गल्ल्यांत कशाचे नाव झाला आहे ते वाचकांस सांगणे नलगे.

परभणी हे कृषी विद्यापीठाचे गाव. विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले; पण त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात प्रसारित झाले आणि 'हायब्रीड' हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गावडुकरी आणि रानडुकर ह्यांची संतती. इंग्रजी शास्त्रज्ञांनी तो कोणत्याही संकराला लावला. आमच्याकडे तो आधी 'हायब्रेट' झाला आणि मग त्या ज्वारीचेच नाव झाला : 'औंदा चार एकर हायब्रेट पेरली.' पीक भरघोस, पण भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही, असे अनुभवाला आले, तेव्हा शब्दाने आणखी एक उडी घेतली. जे दिसायला टपोरे आणि आतून पोचट ते सर्व 'हायब्रेट'. आजी आम्हा नातवंडांना 'हायब्रेट पोरं' म्हणते, कारण आम्हाला दोन कोसही पायी चालवत नाही. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष, तिन्ही एका शब्दात आणि एका माणसाच्या हयातीत! इंग्रजीच्या पुस्तकात असे उदाहरण मला आढळले नाही.

परके शब्द हाकलण्याचे प्रयत्नही दोन्हीकडे झाले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इंग्लंडात विल्यम बार्न्स नावाच्या कवीने एकोणिसाव्या शतकात व्याकरणाला 'स्पीचक्राफ्ट' म्हणावे असे सुचवले. ते कोणी मानले नाही. मला वाटते, नव्या शब्दाला रिकामी जागा लागते. परभणीला २०११ मध्ये महानगरपालिका आली, तेव्हा 'महापौर' हा सावरकरांनी दिलेला शब्द तयार होता, तो सहज बसला. 'वकील' आणि 'अर्ज' ह्यांची जागा मात्र भरलेली होती आणि भरलेलीच आहे.

उलट दिशेने गेलेले शब्द पाहिले म्हणजे हा हिशेब पुरा होतो. इंग्रजी कोशात 'मंगूस' हा शब्द आहे तो आपल्या 'मुंगूस' ह्या शब्दावरून गेलेला, म्हणजे थेट मराठीतून. इंग्रजांना त्याच्या शेवटी हंसपक्ष्याचे 'गूस' ऐकू आले आणि स्पेलिंग तसे झाले. 'जंगल' आपल्याकडून गेले. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश, बराचसा आपल्या मराठवाड्यासारखा. इंग्रजीत त्याचे घनदाट अरण्य झाले. आमची तीन पायांची 'तिपाई' इंग्रजांच्या बंगल्यात गेली. तिच्यावर चहाचा सरंजाम मांडला जाऊ लागला आणि शब्दाच्या आरंभीचा 'ती' त्यांना चहाचा 'टी' वाटला. झाले 'टीपॉय'. ते 'टीपॉय' आपण परत घेतले आणि चार पायांच्या मेजालाही तेच नाव दिले. कॉलेजात क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या विभागाचे नावही असेच जाऊन आलेले आहे. 'गेंदखाना', म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, हा हिंदुस्थानी शब्द साहेबाने ऐकला. 'गेंद' त्याला कळेना, 'जिम्नॅस्टिक' ठाऊक होते, म्हणून त्याने 'जिमखाना' केला. 'दवाखाना', 'कारखाना' ह्यांतला 'खाना' मात्र तसाच राहिला. आमच्या नोटीसबोर्डावर तो शुद्ध इंग्रजी शब्द म्हणून लावलेला आहे, आणि गेल्या वर्षी कोणीतरी खडूने त्याच्याखाली 'व्यायामशाळा' असा मराठी पर्याय लिहून ठेवला होता.